पहिली इलेक्ट्रिक गिटार: नेक आणि बॉडीचं सूत जुळवताना

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: आजोळचा वाडा उतरवला, त्यातल्या सागवानी चौकटीचं एक उभं लाकूड तुम्ही जपून ठेवलंय. पाच इंच रुंद, तीन इंच जाड, सहा फूट लांब. त्याची टेलिकास्टर (फेंडर कंपनीची सपाट बॉडीची गिटार) पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने करायची आहे. सुतारकाम कधी केलेलं नाही, घरात एक ड्रिल मशीन आहे, आणि दिवाळीत गिटार वाजवायची आहे. किट (तयार सुट्या भागांचा संच) घ्यावं की सगळं शून्यापासून करावं? रंग कोणता द्यावा?

मी गेली सतरा वर्षं पुण्यात गिटारी दुरुस्त करतोय, मधूनमधून नव्या बांधतो. माझं उत्तर: बॉडी तुमच्या लाकडाची करा, नेक (बोटं फिरतात तो लांब दांडा) विकत घ्या, आणि दिवाळीचा नाद सोडा. लाकूडकाम या पावसाळ्यात होऊन जाईल. पॉलिश मात्र थंडी पडल्यावर.

नेक विकत घ्या म्हटलं की लोक हिरमुसतात, म्हणून कारण सांगतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. एखादा सूर हलला तर पडदा बोटभर सरकवायचा, काम झालं. गिटारचे फ्रेट, म्हणजे तिचे धातूचे पडदे, खाचेत ठोकून कायमचे बसवलेले. नटपासून (नेकच्या डोक्याकडची तारांची खाचपट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवरचा तारांचा आधार) लांबी 648 मिलिमीटर धरली तर तिला 17.817 ने भागून पहिला फ्रेट 36.37 मिलिमीटरवर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 ने भागलं की दुसरा, असं करत बारावा बरोबर 324 वर. या खाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंदीच्या, आणि प्रत्येकीत चुकायला वाव तेवढाच. शिवाय आत ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई) बसवायचा, फ्रेटबोर्डला गोलाई द्यायची, एकवीस-बावीस फ्रेट एका पातळीत आणायचे. हे सगळं शिकता येतं, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या गिटारीचं काम आहे. पहिल्या खेपेला नेक बिघडला तर उरलेली चांगली बॉडीही माळ्यावर जाते.

यात कमीपणा मानू नका. टेलिकास्टरची कल्पनाच मुळी अशी आहे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याने जी गिटार काढली ती म्हणजे सपाट फळीची बॉडी आणि तिला चार स्क्रूंनी बसवलेला नेक. नेक खराब झाला तर काढून दुसरा लावायचा, बल्ब बदलल्यासारखा. टेलिकास्टर हे नाव 1951 मध्ये आलं, कारण आधीच्या ब्रॉडकास्टर नावावर एका ड्रम कंपनीने हरकत घेतली होती. वरचा घुमट नाही, मागचा उतार नाही, नेकला कोन नाही. नवख्याला याहून सोपा आराखडा मिळणार नाही.

आणि जुन्या घराच्या लाकडाबद्दल मनात शंका असेल तर गिटारवादक ब्रायन मे आठवा. 1963 च्या ऑगस्टमध्ये त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या कठड्याचं लाकूड, बॉडीत जुन्या ओक टेबलाचे तुकडे, फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांना शिंपल्याची बटणं. किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. दोन वर्षं लागली. ती गिटार पुढे क्वीन या बँडमध्ये आयुष्यभर वाजली, ज्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. तुमच्या आजोळच्या चौकटीला यापेक्षा वेगळं काय हवं?

आता लाकूड. वाड्याचं सागवान म्हणजे दशकानुदशकं वाळलेलं, आता ते फारसं फुगणार-आकसणार नाही. टिंबर मार्केटमध्ये आज पैसे देऊनही असं सहज मिळत नाही. पण त्याचे तीन दोष आहेत.

पहिला, खिळे. चौकटीत बिजागऱ्यांचे, कडी-कोयंड्याचे, तोरणाचे, कुणी कधी कॅलेंडर टांगलं त्याचे. डोकं तुटून आत राहिलेले खिळे वरून दिसत नाहीत. एक चांगला चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून इंचाइंचाने फिरवा, जिथे दोरा ओढला जाईल तिथे खूण करा. काळा डाग दिसला तरी संशय घ्या, लोखंडाभोवती सागवान काळं पडतं. माझ्या दुसऱ्या गिटारीत मी हे केलं नाही. राउटरचं (लाकडात खोबणी कोरणारं हातातलं मशीन) पातं आत दडलेल्या खिळ्यावर बसलं, त्याचा एक दात तुटून माझ्या कानाजवळून गेला आणि समोरच्या पत्र्याला खळगा पाडून खाली पडला. तेव्हापासून चुंबक आधी, चहा नंतर. आणि सॉ मिलवाला खिळा असलेलं लाकूड रंध्याच्या मशीनवर घेणारही नाही, त्याच्या पात्यांचं नुकसान होतं.

दुसरा दोष, वजन. टेलीच्या बॉडीत साधारण चार लिटर लाकूड असतं. शिवण किंवा तून ही हलकी लाकडं घेतली तर बॉडी दोन किलोच्या आसपास येते. सागवानाची अडीच ते पावणेतीन किलो, शिसमची तीनच्या वर. फेंडरलाही हलकं अ‍ॅश मिळेनासं झालं तेव्हा 1968 मध्ये त्यांनी आतून पोकळ थिनलाइन काढली. तुम्ही तेवढ्या भानगडीत पडू नका. पिकगार्डखाली (बॉडीवर बसवायची पातळ पट्टी) जी जागा झाकली जाते तिथे आणखी थोडं कोरा, दोनशे-अडीचशे ग्रॅम कमी होतील. नेकच्या खोबणीजवळ आणि ब्रिजखाली मात्र लाकूड भरीव राहू द्या. बाकी वजन रुंद पट्ट्यावर टाका.

तिसरा दोष, तेल. सागवान मुळात तेलकट. त्यावर गोंदही नीट धरत नाही आणि पॉलिशही. त्याचा इलाज पुढे येईलच.

सहा फुटाचे अठरा इंची चार तुकडे करा. तीन तुकडे शेजारी शेजारी चिकटवले की पंधरा इंच रुंदी मिळते, बॉडीला तेरा लागते. मधला तुकडा बरोबर मध्यावर ठेवा, म्हणजे सांधे दोन्ही बाजूंना सारखे दिसतात आणि नेक-ब्रिज एकाच अखंड लाकडावर येतात. मिलमध्ये तिन्ही तुकडे 46 मिलिमीटरला उतरवून, कडा रंधून सरळ करून घ्या. हे हाताच्या रंध्याने करायचा हट्ट नको. सरळ कड मारायला शिकण्यातच एक पावसाळा जाईल. दोन तुकडे शेजारी धरून उजेडासमोर पाहा, फटीतून उजेड आला तर परत मिलमध्ये. चिकटवण्याच्या अगदी आधी कडा अ‍ॅसिटोनने किंवा थिनरने पुसा, वरचं तेल निघून जातं, आणि ते परत वर यायच्या आत फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळा. चोवीस तास हात लावू नका. नंतर चिकटवलेली फळी दोन्ही बाजूंनी 44 ला आणा.

चौथा तुकडा फेकू नका. तो तुमचा गुरू. बॉडीवर जे काही करायचं ते आधी त्याच्यावर करायचं: राउटरची पहिली खोबण, पहिलं भोक, पॉलिशचा पहिला हात.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. आपल्याकडचे मिस्त्री आजही सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण सव्वातीन मिलिमीटर. कपाट करताना "सूतभर इकडेतिकडे चालतंय" हे वाक्य खरं असतं. गिटारमध्ये सूतभर म्हणजे प्रलय. नेकची खोबण सूतभर रुंद झाली तर नेक डुलतो, आणि तो एका बाजूला अर्धा अंश कलला तरी ब्रिजपाशी जाईपर्यंत बारीक तार फ्रेटबोर्डच्या काठावरून घसरायला लागते. ब्रिज सूतभर पुढे बसला तर ती गिटार कधीच सुरात येत नाही.

माझी पहिली गिटार अशीच गेली. मी 648 मोजलं ते ब्रिजच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत नव्हे, सॅडलपर्यंतच (ब्रिजवर तार टेकते तो मागे-पुढे सरकणारा तुकडा) मोजलं, इतकी अक्कल होती. पण सॅडल मागच्या टोकाला ढकललेले असताना मोजलं. जाड तारेला सॅडल आणखी मागे लागतो, 648 च्याही पलीकडे तीन-चार मिलिमीटर. माझ्या सॅडलला मागे जायला जागाच नव्हती. चार स्क्रूंची भोकं लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बुजवली आणि नवी पाडली. ती गिटार अजून भिंतीवर आहे, बुजवलेली भोकं ब्रिजच्या कडेने डोकावतात.

म्हणून क्रम असा धरा. नेक हातात आल्याशिवाय काहीही कोरू नका. विकणाऱ्याने लिहिलेल्या मापावर विश्वास न ठेवता नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत स्वतः मोजा आणि दुप्पट करा, तीच तुमची स्केल. नेकच्या टाचेची रुंदी आणि जाडी कॅलिपरने मोजा. टेलीची टाच साधारण 56 मिलिमीटर रुंद आणि एक इंच जाड असते, पण स्वस्त नेकमध्ये यात सर्रास फरक पडतो. मग बॉडीच्या फळीवर, वरपासून खालपर्यंत, एक मध्यरेषा मारा. पेन्सिलने नव्हे, धारदार कटरने. या रेषेवरून सगळं मोजायचं, बॉडीच्या कडेवरून काहीही नाही. बॉडीची कड सूतभर वाकडी गेली तर कुणाला दिसणारही नाही.

बॉडीचा आणि खोबणीचा साचा बारा मिलिमीटर एमडीएफचा करा. जवळपास सीएनसी (संगणकावर चालणारं कापायचं मशीन) असेल तर साचा तिथून कापून घ्या, त्यात लाज नाही. बाहेरचा आकार जिगसॉने रेषेबाहेर दोन मिलिमीटर ठेवून कापायचा आणि उरलेलं बेअरिंगवाल्या बिटने राउटरवर साच्याला टेकवून घासायचं. बेअरिंग साच्यावर फिरतं, पातं लाकडावर. एका वेळी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. बाहेरच्या कडेने राउटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, खोबणीच्या आतून घड्याळाच्या दिशेने. उलट गेलात तर राउटर हातातून पळतो. टेलीच्या खालच्या शिंगापाशी रेषे आडवे सुटतात, तिथे लाकडाचा ढलपा उडायची दाट शक्यता. तिथे कमी कापा, हळू जा, शेवटचा अर्धा मिलिमीटर पॉलिश पेपरने काढा. बिट बदलताना प्लग काढलेला असलाच पाहिजे. हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, डोळ्यांवर चष्मा हवा. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्कशिवाय उभं राहू नका.

पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं) आणि कंट्रोलच्या खोबणीतला मोठा ऐवज आधी ड्रिलने काढा. कपाटाच्या ऑटो बिजागरीसाठी मिस्त्री जे 35 मिलिमीटरचं बिट वापरतात ते यासाठी झकास, बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एकाला एक लागून भोकं पाडली की राउटरला फक्त भिंती साफ करायच्या उरतात.

नेकची खोबण 16 मिलिमीटर खोल. साचा टाचेपेक्षा किंचित लहान ठेवा आणि शेवटचा घास कानशीला चिकटवलेल्या पॉलिश पेपरने घ्या. पाच वेळा घासा, नेक बसवून पाहा, पुन्हा तीन वेळा. स्क्रू न लावता नेक धरून बॉडी उचलली आणि ती सुटली नाही, तर बसलं. नेक आणि बॉडीचं सूत जुळलं म्हणायचं ते तेव्हा. एका संध्याकाळचं काम आहे, पण ती संध्याकाळ मोकळी ठेवा आणि फोन बंद.

आता नेक बसवून, नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणा. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवा. बारीक तारेचा सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला आणा आणि तो 648 ते 650 च्या दरम्यान येईल असा ब्रिज ठेवा. मग पुन्हा मोजा. मग दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा, ज्याला उत्तर काय यायला हवं ते माहीत नाही. त्यानंतरच भोक. मूळ टेलीमध्ये तारा बॉडीच्या आरपार मागून येतात. ती सहा भोकं हातातल्या ड्रिलने सरळ पडणार नाहीत, पाठीमागे नागमोडी रांग उमटते. एकतर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे उभ्या ड्रिलवर पाडून घ्या, नाहीतर तारा ब्रिजमध्येच अडकतात असा ब्रिज आणा. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा पर्याय घेतला असता.

स्क्रूबद्दल एकच सांगतो. सागवानात आणि मेपलमध्ये बारीक स्क्रू आधी भोक न पाडता पिळला की डोकं तुटून हातात येतं. योग्य मापाचं भोक पाडा, आट्यांना मेणबत्तीचं मेण लावा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. आणि लक्षात घ्या, नेकचे चार स्क्रू बॉडीच्या भोकांतून मोकळे आरपार जायला हवेत, पकड फक्त नेकच्या लाकडात. दोन्हीकडे आटे बसले तर नेक बॉडीला कधीच घट्ट टेकत नाही.

पॉलिश. इथे सगळ्यांची घाई होते. लाकूडकामाला तीस-चाळीस तास लागले असतील तर पॉलिशलाही तेवढेच धरा, शिवाय वाळण्याचे आठवडे वेगळे.

घासणं 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू, मग 120, 180, 240. नंबर गाळायचा नाही. 80 चे ओरखडे 180 ने जात नाहीत, फक्त दडतात, आणि पहिला हात मारला की भुतासारखे उभे राहतात. नेहमी रेष्यांच्या दिशेने, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. 240 झालं की ओल्या फडक्याने बॉडी पुसा, वाळू द्या. झोपलेले रेषे उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तो पुन्हा 240 ने हलकेच उतरवा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून पाहा, ट्यूबलाइटच्या उजेडात न दिसलेलं सगळं दिसेल.

रंग कोणता? इतकं जुनं सागवान रंगाखाली गाडलंत तर मला वाईट वाटेल, पण गिटार तुमची. गाडीसारखा भरीव रंग हवाच असेल तर एक गंमत सांगतो. फेंडरचे गाजलेले रंग ड्यूपॉन्ट कंपनीच्या मोटारींच्या रंगांतून आले. त्यातल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव ड्युको. आपले पेंटर कुठल्याही स्प्रे रंगाला आजही "ड्युको मारायचा का?" असं विचारतात, तेच हे नाव. तेव्हा तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला डेंटिंग-पेंटिंगवाला या परंपरेतलाच आहे. बॉडी नीट घासून, भेगा-भोकं लांबीने बुजवून, प्रायमर मारून त्याच्याकडे दिलीत तर तो दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) मारून देईल. तो रंग घरात स्वतः मारू नका. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. नेकची खोबण मात्र आधी चिकटपट्टीने झाका. रंगाचे थर आत गेले तर एवढ्या कष्टाने बसवलेला नेक आत जाणार नाही, आणि जबरदस्ती केली तर कडेचा रंग तडकेल.

लाकूड दिसायला हवं असेल तर माझा सल्ला: आधी चपडा, मग वर पातळ पीयू, दोन्ही हाताने. चपडा म्हणजे लाख, आपले जुने पॉलिशवाले स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करतात ती. मला हे मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्या कारागिराने शिकवलं. मिरजेत ही परंपरा शस्त्रांना धार-पाणी करणाऱ्या शिकलगारांपासून सुरू झाली, लोखंडाला चकाकी देणारे हात पुढे तुनाच्या लाकडाला चकाकी द्यायला लागले. सागवानाचं तेल अडवायला चपड्यासारखं दुसरं काही नाही. तेल त्याच्या खाली राहतं आणि वरचा थर नीट वाळतो. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला दोनशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, रात्रभर, मधूनमधून हलवत. मग दोन-तीन दिवस बरणी हलवू नका. चपड्यातलं मेण तळाला बसतं. वरचं निवळ तेवढं ओतून घ्या, कारण मेणावर पीयू धरत नाही.

सुती कापडात कापूस गुंडाळून पुरचुंडी करा, तिला चपडा पाजा, कागदावर दाबून जास्तीचा काढा, आणि लांब, न थांबता हात मारा. पुरचुंडी जिथे थांबली तिथे डाग. पहिल्या हाताआधी लाकूड थिनरने पुसायला विसरू नका. सागवानाची छिद्रं उघडी असतात. आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर ती भरावी लागतील, पण मी भरत नाही. चौकटीच्या लाकडाला छिद्रं दिसलेली शोभतात. दोन-तीन हात, मध्ये 320 ने हलका स्पर्श, मग मॅट पीयू फडक्याने पुसल्यासारखा पातळ, दिवसाला एक, असे पाच-सहा हात. नुसत्या चपड्यावर थांबू नका. आपल्याकडच्या घामाने तो महिनाभरात निस्तेज होतो, आणि मैफलीत कुणाचा पेला कलंडला तर विरघळतोच.

जवसाचं तेल लावायचं असंही तुमच्या डोक्यात असेल, बरेच लोक तेच सुचवतात. सागवानावर ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. तरीही चौथ्या तुकड्यावर करून पाहणार असाल तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पावसाळ्यात पॉलिश का नको, तर ऑगस्टमध्ये मी एकदा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं होतं म्हणून. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली ओल त्यावर बसते आणि थराखाली दुधासारखी पांढरी छटा अडकते. काळ्या गिटारीवर मी धुकं उतरवलं होतं. चपड्यालाही हाच त्रास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर, पंखा बंद, फरशी ओली करून पुसलेली म्हणजे धूळ उडत नाही. शेवटच्या हातानंतर तीन आठवडे गिटार टांगून ठेवा. नखाने दाबून पाहायचा मोह आवरा, मला कधी आवरला नाही. चकाकी हवी असेल तर त्यानंतर 1000, 1500, 2000 चा वॉटर पेपर आणि गाडीचं रबिंग कंपाउंड, पण स्क्रूच्या भोकांपाशी पाणी नेऊ नका. लाकूड फुगून भोकाभोवती थर तडकतो. आणि कडांवर पेपर नको, तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

वायरिंगला फार शब्द खर्च करत नाही. दोन सिंगल कॉइल पिकअप, तीन जागांचा स्विच, 250 किलोओहमचे दोन पॉट (आवाज आणि टोन फिरवायची बटणं), टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पाव इंची जॅक. बाकी सगळं तपकीर गल्लीत किंवा मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला मिळेल, पिकअप मात्र वाद्यांच्या दुकानातून. पॉटच्या पाठीला डाग द्यायला 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, 60 चं घ्या, आणि पाठ आधी पेपरने खरवडा. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीला जोडायला नवखे हमखास विसरतात. मग तारांना हात लावला तरी 50 सायकलची गुणगुण थांबत नाही. स्विच मधे ठेवल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर दोन पिकअप उलट जोडले गेलेत, एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा. पण नेकच्या पिकअपचं धातूचं झाकण त्याच्या अर्थ वायरला जोडलेलं असतं, तो दुवा आधी तोडून झाकणाला वेगळी अर्थ द्यावी लागते. म्हणून शक्यतो ब्रिजच्या पिकअपच्या वायरी बदला, आणि त्याच्या खाली तांब्याची पट्टी असेल तर तिचाही तोच विचार करा.

तारा चढवताना नऊ-बेचाळीसचा संच घ्या. तारा सुरात आणा आणि एक रात्र जाऊ द्या, नेकवर ताण बसू दे. दुसऱ्या दिवशी सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहा. पाव मिलिमीटर हवी. स्पेअर पार्टच्या दुकानात स्कूटरच्या प्लगसाठी मिळणारं फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) यासाठी चालतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट करा, कमी असेल तर सैल, एका वेळी पाव फेरा, आणि मध्ये तासभर थांबा. मग सॅडलची उंची: बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली 1.6 मिलिमीटर, जाड तारेखाली 2. सगळ्यात शेवटी सूर. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. मागे जायला जागा असेल, कारण ब्रिज तुम्ही नीट मोजून बसवला असेल.

एवढं झालं की गिटार वाजवायला घ्या. पुढच्या जूनमध्ये हवा दमट झाली की नेक थोडा हलेल, तारा एकतर खडखडतील किंवा उंच वाटतील. घाबरून बॉडी खोलू नका. फीलर गेज काढा आणि ट्रस रॉडला पाव फेरा द्या.